हातबॉम्ब आणि बघण्याचा कार्यक्रम

जर्मन सैन्याच्या दांड्याच्या हातबॉम्बमुळे माझं लग्न जमलं, असं मी सांगायला लागलो की लोक हसतात आणि पुढचं ऐकायला थांबत नाहीत. पुढचं जास्त हसण्यासारखं आहे, आणि त्यात हसं माझंच आहे.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी जर्मनीत र्युसेल्सहाइमला एका विधवा बाईंच्या घरी माडीवरच्या खोलीत राहत होतो आणि संशोधनासाठी रोज रेल्वेने टेक्निकल युनिव्हर्सिटीत जात होतो. इकडे पुण्यात मामाने माझ्यासाठी एक स्थळ पाहिलं होतं. पत्रिका जुळली, घराणी जुळली, पण मुलीच्या वडिलांनी एक अट घातली. मुलगा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देणार नाही. हे गृहस्थ शीघ्रकोपी म्हणून पेठेत प्रसिद्ध होते, त्यामुळे मामाने वाद घातला नाही. डॉक्टरेट पुरी होईपर्यंत मला परत जाणं शक्य नव्हतं. मी पाठवलेल्या फोटोत टोपी, मफलर आणि ओव्हरकोट तेवढा दिसत होता, मधून नाक डोकावत होतं. मुलीचा फोटो मात्र स्वच्छ होता. मला ती इतकी आवडली होती की स्थळ हातचं जाईल या धास्तीने माझं कशातच लक्ष लागेना.

अशात एक परदेशी सिनेमा कंपनी जवळच्या दगडाच्या खाणीत युद्धपट काढायला आली. त्यांना गर्दीसाठी जर्मन सैनिक हवे होते. जर्मनीत जर्मन सैनिकांना काय तोटा, असं कोणालाही वाटेल. पण तिथली तरुण मुलं तो गणवेश अंगाला लावायला तयार नव्हती, आणि ज्यांनी तो खरोखर घातला होता ती माणसं त्या विषयावर तोंड उघडत नसत. मग उरले कोण? इटालियन आणि ग्रीक कामगार, आणि आम्ही विद्यार्थी. तोंडाला काजळी फासून हेल्मेट चढवलं की लांबून सगळे सारखेच दिसतात. अशा रीतीने मी आणि माझा सांगलीचा मित्र जर्मन सैन्यात भरती झालो.

घरमालकीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बटाटे सोलत होत्या. "तो कोट घालून माझ्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान तोच कोट घालून पूर्वेच्या आघाडीवर गेले होते आणि परत आले नव्हते. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण तोवर मी पुण्याला पत्र टाकून बसलो होतो की एका इंग्रजी चित्रपटात भूमिका करतो आहे. गर्दीत उभा राहणार आहे, हे लिहायचं राहून गेलं होतं. मामाने ती बातमी मुलीच्या घरी पोचवली आणि तिकडून निरोप आला, उत्तम झालं, सिनेमा पुण्याला लागेल तेव्हा मुलगा पडद्यावरच पाहू.

बघण्याचा कार्यक्रम असा ठरल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? दाढी नीट केली असती, कॅमेऱ्यासमोर चेहरा कसा येईल ते पाहिलं असतं. मी ग्रंथालयात गेलो आणि हातबॉम्बचा अभ्यास केला. पुण्यात कॅम्पातल्या थिएटरांत मी जे युद्धपट पाहिले होते, त्यांत जर्मन शिपाई दांड्याच्या बॉम्बची रिंग दातांनी ओढून तो फेकायचा आणि बॉम्ब पडल्या पडल्या उडायचा. हे साफ चूक आहे, असा मला शोध लागला. त्या बॉम्बला रिंग नसतेच. लाकडी दांडा पोकळ असतो, त्याच्या तळाला आट्यांचं झाकण असतं. झाकण फिरवून काढलं की दोरीला बांधलेला चिनी मातीचा मणी खाली लोंबतो. तो ओढायचा, मग फेकायचा, आणि स्फोट व्हायला मधे थोडा वेळ जातो. एवढं ज्ञान गोळा झाल्यावर ते पोटात ठेवणं मला जमणार नव्हतं.

शूटिंगच्या सकाळी सहायक दिग्दर्शकाने आम्हाला लाकडी बॉम्ब वाटले. प्रत्येकाला तारेची एक रिंग अडकवलेली होती. "रिंग दातांनी ओढा, बॉम्ब फेका, गोळी लागली की मरा," असं त्याने समजावलं.

मी हात वर केला. "माफ करा, पण याला रिंग नसते."

"गप की लेका!" सांगलीकर कुजबुजला. "तुला काय परीक्षा द्यायचीय?"

मी गप्प बसलो नाही. झाकण, दोरी, मणी, सगळं क्रमाने सांगितलं. ग्रीक मंडळी आदराने ऐकत होती, कारण त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. सहायक दिग्दर्शकाने माझा बॉम्ब घेतला, पकडीने त्याची रिंग तोडली आणि बॉम्ब परत माझ्या हातात दिला. "बरं तर, डॉक्टरसाहेब, तुम्ही तुमच्या पद्धतीने करा." आणि मला गर्दीतून काढून पडक्या भिंतीच्या बाजूला एकटा उभा केला. हा मला बहुमान वाटला. चष्मा मात्र काढायला लावला.

चष्म्याशिवाय मला हातभरापलीकडचं धूसर दिसतं आणि हातातलंही फारसं बरं दिसत नाही. कॅमेरा सुरू झाला. मी झाकण फिरवलं. ते हलेना. उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं, तळहात कोटाला पुसून पुन्हा फिरवलं. त्या बॉम्बचं झाकण नुसतं रंगवलेलं होतं, अख्खी वस्तू एका लाकडातून कातून काढलेली होती, हे मला जेवणाच्या सुट्टीत चष्मा लावल्यावर कळलं. आजूबाजूला धूर, किंकाळ्या, माणसं पटापट मरत होती. "अरे फेक ना, मुडद्या!" असं सांगलीकर मेलेल्या अवस्थेत मराठीत ओरडला. शेवटी नायक समोर आला आणि त्याने मला गोळी घातली. मी एकदा बॉम्बकडे पाहिलं, तो अलगद जमिनीवर ठेवला आणि पडलो. दिग्दर्शक पोट धरून हसला आणि तो तुकडा त्याने सिनेमात ठेवून दिला.

फ्रँकफुर्टला सिनेमा लागला तेव्हा मी तो पाहिला आणि मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. सगळ्या थिएटरात फक्त माझ्या मरणाला हशा होता. शेजारी सांगलीकरही हसत होता. हे स्थळ गेलं, असं मी धरून चाललो.

काही महिन्यांनी मामाचं पत्र आलं. मुलीकडची सगळी मंडळी सिनेमा बघून आली होती. कांद्यापोह्यांऐवजी मध्यंतरात वेफर्स झाले. मुलगा पसंत होता. 'उंच आहे, रुबाबदार आहे, भिंतीवरून पडला तोही झोकात,' असं मुलीच्या काकांनी मामाला सांगितलं होतं. भिंतीवरून पडलेला माणूस ग्रीक होता. मी भिंतीवर चढलोच नव्हतो, आणि उंच तर मला आईनेही कधी म्हटलेलं नाही. मी उलट टपाली मामाला खरं काय ते कळवलं. मामाने उत्तर दिलं, 'ठरलेल्या लग्नात उंचीचा विषय काढू नये.'

डॉक्टरेट झाली, मी पुण्याला गेलो, बोहल्यावर उभा राहिलो. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी मुलीच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. बिचारी ग्रीक माणसाची वाट बघत असणार आणि समोर मी. जर्मनीला परत आलो, संसार थाटला, तरी ही रुखरुख जाईना. ती हसली तरी मला वाटायचं, मन मारून हसते आहे. विचारायचं धाडस नव्हतं.

मग एका रविवारी दुपारी आईने दिलेली लोणच्याची बरणी मी उघडायला घेतली. झाकण घट्ट बसलं होतं. मी उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं, हात शर्टाला पुसला. बायको ओट्यापाशी उभी राहून बघत होती. ती एकदम खो खो हसत सुटली.

"अहो, द्या इकडे. तिकडेही असंच चाललं होतं तुमचं."

"तिकडे म्हणजे?"

"सिनेमात!"

मी बरणी खाली ठेवली. "पण तुमच्या घरच्यांनी तर त्या उंच माणसाला..."

"ते सगळे त्याच्याकडेच बघत होते. मी नाही. मामा म्हणाले होते, मुलगा फार चिकित्सक आहे. एवढी लढाई पेटली आहे आणि एक जण झाकण काढतोय. म्हटलं, हेच ते."

"आणि तरी तू हो म्हणालीस?"

तिने बरणीचं झाकण ओट्यावर दोनदा आपटलं, एका पिळात उघडलं आणि माझ्या हातात ठेवलं. तिचं हसू आता थांबलं होतं.

"आमचे बाबा चिडले की हाताला येईल ते फेकतात. वाढलेलं ताटसुद्धा. लहानपणापासून तेच बघत आले," ती म्हणाली. "तुम्हाला तर गोळी लागली होती, तरी तुम्ही तो बॉम्ब आधी नीट खाली ठेवलात आणि मग पडलात."