ग्रिलचा उरलेला रंग

आमच्या आप्पांची सायकल मुळात कुठल्या रंगाची होती, हे घरात कोणालाच सांगता येणार नाही. मला आठवतं तेव्हापासून ती आमच्या ग्रिलच्या रंगाची आहे.

आई-आप्पांचं कोपरखैरण्यात बैठं घर आहे. पुढे छोटासा ओटा आणि त्याला लोखंडी ग्रिल. खाडीची हवा लोखंडाला सुखाने जगू देत नाही, म्हणून दर काही वर्षांनी दसऱ्याच्या आधी ग्रिल घासून त्याला ऑइल पेंट द्यायचा, हा आप्पांचा नेम. डब्यात थोडा रंग उरायचाच, आणि उरलेली वस्तू टाकून देणं आप्पांच्या जिवावर यायचं. मग ओट्यावर वर्तमानपत्रं पसरायची, सायकल उलटी करून ठेवायची आणि उरलासुरला रंग तिला फासायचा. आप्पा हे काम इतकं मन लावून करत, की कंपनीचं नाव, पट्टे, पायडलजवळच्या नळीखाली ठोकलेला नंबर, सगळं त्या रंगाखाली गेलं. दसऱ्याला सायकलला हार घालायचा तेव्हा रंग पुरता वाळलेला नसायचा, आणि झेंडूची एखादी पाकळी कायमची चिकटून बसायची. पुढच्या खेपेला तीही रंगवली जायची.

रंग निवडायची आई. आधी बरीच वर्षं निळाच होता. मग गुलाबी, मग चॉकलेटी आणि आता हिरवा.

गुलाबी माझ्या लग्नाचा. दारात मांडव पडणार, फोटो निघणार, तर ग्रिल माझ्या शालूला शोभलं पाहिजे, हा आईचा हट्ट. लग्नघरात रंगाचा वास भरून राहिला आणि नवरी असूनही मी सगळ्यांशी कडाकडा भांडले. लग्न झालं, मी सानपाड्याला नांदायला गेले आणि आप्पा गुलाबी सायकलवरून तुर्भ्याच्या कारखान्यात जाऊ लागले. तिथल्या लोकांनी टिंगल करायची ती केलीच. आप्पा त्यांना म्हणायचे, ''पोरीच्या लग्नाचा रंग आहे, हसा किती हसायचं ते.'' ग्रिलला पुढचा रंग लागेपर्यंत त्यांनी ती तशीच चालवली. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता आप्पांची आठवण काढायची म्हटलं की मला आधी ती गुलाबी सायकलच दिसते.

अलीकडे आप्पा विसरायला लागले आहेत. फार नाही. चष्मा, पाण्याचा नळ, कोणाला तरी द्यायचा निरोप. पण एकदा ते गिरणीत दळण टाकायला सायकलवरून गेले आणि चालत परत आले. सायकल गिरणीबाहेरच राहिली. पुन्हा तसंच डॉक्टरांच्या दवाखान्यापाशी झालं. दोन्ही वेळा सायकल जागेवर मिळाली, पण आईच्या डोक्याला ताप झाला. तिने मला फोनवर सांगितलं, ''आता यांची सायकल बंद करायची. आज सायकल विसरले, उद्या घर विसरतील.'' मी म्हटलं, बघू. सायकल हा आप्पांचा एकट्याने बाहेर पडायचा शेवटचा परवाना होता. तो हातातून काढून घ्यायचं काम आपल्या वाट्याला येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

आणि मग एका सकाळी आप्पा पुन्हा चालत घरी आले. या वेळी ते म्हणाले, ''सायकल चोरीला गेली.''

ते रोज सकाळी बागेत जातात. तिथे त्यांच्या वयाची मंडळी बसतात, सरकारला चार शिव्या देतात आणि उन्हं चढली की घरी जातात. बागेच्या कठड्याला साखळी घालून, कुलूप लावून सायकल ठेवायची, कुलूप दोनदा ओढून बघायचं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकायची, ही त्यांची पद्धत. किल्ली खिशात होती. सायकल नव्हती, आणि साखळीही नव्हती.

आईने चप्पल घातली आणि ती गिरणीत गेली. मग दवाखान्यात, मग डेअरीवर, मग भाजीवाल्यांकडे. तिने सगळीकडे विचारलं. परत आली तेव्हा आप्पा ओट्यावर बसून होते. ती म्हणाली, ''आठवा जरा. बागेत न्यायलाच विसरला असाल. कुठेतरी लावलीत आणि पुढे चालत गेलात.''

''मी कुलूप लावलं होतं,'' आप्पा म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस त्या घरात एवढाच संवाद चालू होता. आई म्हणायची आठवा, आणि आप्पा म्हणायचे मी कुलूप लावलं होतं. मी दोघांच्या मध्ये. खरं सांगायचं तर मला आईचंच पटत होतं, पण आप्पांचं तोंड बघून ते बोलवत नव्हतं.

चौकीत अर्ज मी लिहून दिला. मी विमा कंपनीत दावे तपासते. लोकांची वस्तू त्यांचीच होती कशावरून, हे विचारायचा मला पगार मिळतो, त्यामुळे तिथल्या प्रश्नांची मला कल्पना होती. उत्तर मात्र एकाचंही नव्हतं. बिल? ज्या दुकानातून सायकल घेतली ते दुकानच राहिलेलं नाही. कंपनी? रंगाखाली. नंबर? तोही रंगाखाली, आणि कुठे लिहून ठेवलेला नाही. फोटो? एक होता, दसऱ्याचा. त्यात सायकलपुढे माझी मुलगी उभी आहे आणि तिच्या मागून हाराचं एक टोक दिसतं. शेवटी मी 'हिरव्या रंगाची जुनी सायकल' एवढं लिहिलं आणि सही केली. माझ्यासमोर असा अर्ज आला असता तर मी तो बाजूला सरकवून चहा मागवला असता.

बऱ्याच दिवसांनी चौकीतून फोन आला. चोरीच्या काही सायकली एकत्र सापडल्या आहेत, येऊन बघा. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आई म्हणाली मीही येते. तिचा आप्पांवर भरवसा नव्हता आणि बहुधा माझ्यावरही नव्हता.

चौकीच्या मागच्या अंगणात सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी एका नजरेत सगळ्या पाहिल्या. लाल होत्या, निळ्या होत्या, मुलांच्या गिअरवाल्या होत्या. हिरवी एकही नव्हती. मी आईकडे वळले, तर आप्पा तोवर पुढे गेले होते आणि एका काळ्या कुळकुळीत सायकलच्या हँडलवर हात ठेवून उभे होते.

''ही माझी,'' ते म्हणाले.

तिथले हवालदार जवळच्याच जुन्या गावातले होते, बोलण्यावरून कळत होतं. त्यांनी हातातला अर्ज वाचला आणि सावकाश म्हणाले, ''काका, ही काली हाय. तुमी हिरवी लिवलीय.''

''हिरवीच होती. वरून काळा मारलाय. सीटही बदललीय.''

''मंग हीच तुमची, कशावरून?''

''हँडल डावीकडे ओढतं. धरलं की कळतं.''

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते, ऑफिसात मीच ती वापरते. म्हातारा माणूस आहे, सांभाळून घ्या, असा तिचा अर्थ. मागे बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आईने डोळे मिटले. आता आप्पांना सायकलचा रंगही आठवत नाही, दिसेल ती सायकल त्यांना आपली वाटते आहे, असंच मला वाटलं. मी त्यांच्या कोपराला धरलं. ''आप्पा, चला.''

त्यांनी हात सोडवून घेतला, रागाने नव्हे. खिशातून साखळीची किल्ली काढली आणि काळा रंग खरवडायला वाकले.

''ओ काका, मुद्देमाल हाय तो. हात नका लावू,'' हवालदार म्हणाले.

''मग तुम्ही खरवडा. मी इथे उभा राहतो. कुठला रंग निघणार ते आधी मी सांगतो, मग तुम्ही बघा.''

हवालदार हसले. त्यांनाही बहुधा गंमत वाटली असावी. ते आत जाऊन ब्लेड घेऊन आले, सायकल आडवी केली आणि पायडलजवळच्या जाड नळीपाशी बसले. आप्पा शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे राहिले.

''काळ्याखाली हिरवा,'' ते म्हणाले.

ब्लेड थोडा वेळ घासलं. खाली हिरवा निघाला. आमच्या ग्रिलचा तोच हिरवा, मी तो झोपेतही ओळखेन. मला एकदम दहा जणांना हाक मारून सांगावंसं वाटलं, की बघा, चोरीच झाली होती. आई बाकावर ताठ बसली.

''एवढ्यानं नाय चालनार, काका,'' हवालदार म्हणाले. ''हिरव्या सायकली रगड हायेत. पुढं बोला.''

''हिरव्याखाली चॉकलेटी.''

चॉकलेटी निघाला.

चॉकलेटीच्या खाली काय आहे ते मला माहीत होतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या माणसाच्या सायकलला तो रंग असेल असं मला वाटत नाही. आप्पांनी एवढं एक नाव घेतलं असतं की संपलं असतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. सांगावंसं वाटत होतं, पण सांगून उपयोग नव्हता, परीक्षा त्यांची होती. आणि मला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं, हेही होतंच.

आप्पा म्हणाले, ''त्याच्याखाली निळा.''

हवालदारांनी ब्लेड फिरवलं, बोटाने भुगा पुसला, पुन्हा फिरवलं. मग मान वर केली. ''निला नाय, काका.''

''निळाच आहे.''

''नाय ना. तुमी या, बघा.''

आप्पा वाकले आणि त्या डागाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीच सापडलं नाही. ते आठवायचा प्रयत्नही करत नव्हते. तो रंग त्यांच्यालेखी कधी नव्हताच. मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा, ते मला अजून सांगता येत नाही.

तेवढ्यात मागून बाकावरूनच आई म्हणाली, ''गुलाबी. लेकीच्या लग्नाला दिला होता. त्याच्याखाली निळा. त्यांचं बरोबर आहे, मधला एक राहिला फक्त.''

ती उठली नाही की आवाज चढवला नाही. इतके दिवस सकाळ-संध्याकाळ 'आठवा, आठवा' म्हणून आप्पांच्या मागे लागलेली ही बाई, भाजीत मीठ राहिलं म्हणावं तशा सुरात ते बोलून गेली. हवालदारांनी आणखी खरवडलं. खाली निळा होता.

त्यांनी लगेच सायकल दिली नाही, ते बरोबरच होतं. मीही दिली नसती. मीच म्हटलं, की घरच्या ग्रिलवर हेच रंग याच क्रमाने आहेत, येऊन बघा. ते दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून जाताना खरंच आले. ग्रिलचा खालचा कोपरा त्यांनी स्वतः खरवडला. हिरवा, चॉकलेटी, गुलाबी, निळा. मग आईच्या हातचा चहा घेत ते म्हणाले, ''काका, नंबर कोन रंगवतं का?'' आप्पा म्हणाले, ''रंग उरला होता.'' हवालदारांनी हात टेकले.

पुढे कोर्टाचे सोपस्कार झाले, मी सह्या केल्या, आणि सायकल घरी आली. नंबर मी साफ करून घेतला, त्याचा फोटो काढला आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवला. आईने सायकल बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही. बाग आणि परत, एवढीच हद्द तिने ठरवून दिली आहे. आप्पा बागेत पोचले की ती फोन करते आणि 'कुलूप लावलंत का' एवढंच विचारते. ते उखडतात आणि हो म्हणतात.

मी रविवारी जाते. परवा गेले तर आप्पा ओट्यावर सायकलला तेल देत होते. खरवडलेली जागा तशीच आहे, आईने ती रंगवू दिलेली नाही. आप्पांचा अंगठा तिथे थांबला.

''हा गुलाबी कधी दिला गं?''

''माझ्या लग्नाला, आप्पा. तुम्ही गुलाबी सायकलवरून कामावर जायचात. लोक हसायचे.''

''हो का,'' ते म्हणाले. त्यांना हसू आलं, दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट ऐकल्यासारखं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आई आत होती. त्यांनी आवाज खाली आणला. ''पण चोरीलाच गेली होती ना? मी विसरलो नव्हतो ना कुठे?''

''नाही आप्पा. चोरीलाच गेली होती. तुम्ही कुलूप लावलं होतं.''

त्यांनी मान डोलावली आणि चेनवर तेलाचे थेंब सोडायला लागले. त्याच्या आदल्या रविवारीही त्यांनी मला हे दोन्ही प्रश्न याच क्रमाने विचारले होते.