बिगर सेलचा रेडिओ

आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता आणि बोलणी मला खावी लागली.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी परभणीत पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, बिनलग्नाचा. विडी नाही, तंबाखू नाही. व्यसन एकच. कॅटलॉग!

हसू नका हो. मुंबईत रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होती. पोस्टकार्ड टाकलं की ती कॅटलॉग पाठवायची, तोही फुकट! गुळगुळीत कागद, ताज्या शाईचा वास आणि पानोपानी चित्रं. कॉइल, कंडेन्सर, स्पीकर, हेडफोन. पोस्टमन लांबून दिसला तरी माझ्या छातीत धडधडायचं. तुमच्या वेळी प्रेमपत्रानं व्हायचं ना, तसंच. कॅटलॉगमधलं निम्मं इंग्रजी मला कळायचं नाही. तो निम्मा भाग मी मनानं भरून काढायचो आणि सगळा घोळ तिथंच होता.

एका कॅटलॉगच्या कव्हरवर एक साहेब होता. गळ्यात टाय, एक बोट रेडिओच्या बटणावर, बाजूला बायको हसतेय. काय ती ऐट! आपलाही असा फोटो असावा, असं मला फार वाटायचं. रेडिओ नव्हता, टाय नव्हता, बायको नव्हती, एवढीच काय ती अडचण.

आमच्या शेजारी हमीदाखाला राहायच्या. दोन घरांत एकच भिंत, आणि भिंतीत दोन्हीकडून कोनाडे, पाठीला पाठ लावून. त्यांच्या कोनाड्यात रेडिओ, आमच्या कोनाड्यात देव. मधल्या पातळ मातीला उंदरांनी भोक पाडलेलं, त्यामुळं गाणी थेट आमच्या घरात यायची. आई चुलीपुढून ओरडायची, ‘‘खाला, जरा मोठा करा!’’ आणि पलीकडून आवाज वाढायचा. केंद्र परभणीचं, रेडिओ खालांचा, ऐकणार आम्ही. कित्येक वर्षं असंच चाललेलं.

पुढं एकदा तो रेडिओ खरखरायला लागला. मी कॅटलॉग काखेत मारून खालांकडं गेलो.

‘‘वसंता बेटा, तेरेकू आता क्या?’’

‘‘खाला, यात काय एवढं? पान बारावर आख्खं चित्र आहे.’’

उघडला. खरखर बंद झाली. गाणंही बंद झालं. तेव्हापासून रेडिओ मुका! खाला बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. आईनं मात्र त्यांच्याही वाटणीचं ऐकवलं.

‘‘लय शाना झालास! आता मी भाकरी काय तुझं तोंड बघत थापू?’’

मग मी ईर्ष्येला पेटलो. मुंबईहून सामान मागवलं आणि स्वतःचाच रेडिओ जुळवायला घेतला. इकडं माझ्या मावशीनं पूर्ण्यात माझ्यासाठी एक मुलगी बघून ठेवली होती. मुलीचे वडील, तात्या, रेल्वेत इंजिन चालवायचे. त्यांचा एकच हट्ट, जावयाच्या हातात हुन्नर पाहिजे. मावशी काय मागं राहते? तिनं ठोकून दिलं, ‘‘पोरगं घरी रेडिओ बनवतंय!’’

मी मुलगी पाहून आलो होतो. नाव सुमन. चहाचा कप देताना ती जी काही हसली, त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. हे लग्न मोडलं तर मी जन्मभर कॅटलॉगच वाचणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि तात्यांचा निरोप आला, ‘‘रविवारी सकाळच्या गाडीनं घर बघायला येतो. रेडिओपण बघू.’’

आता पंचाईत बघा. रेडिओ तयार होता, पण वाजत नव्हता! एरियलची तार छपरावर ताणली होती. अर्थिंगची तार अंगणात तुळशीशेजारी पुरली होती. आई रोज तिथं पाणी घालायची, म्हणे उगवलं तर उगवलं. रविवारी सकाळी एका सांध्याला कथलाचा शेवटचा डाग दिला, देवांची माफी मागून त्यांना फडताळात हलवलं, पेटी कोनाड्यात ठेवली, खटका दाबला आणि हात जोडले.

आणि काय सांगू! गाणं लागलं! खणखणीत, स्वच्छ! खरखरीचा मागमूस नाही!

‘‘आई! वाजायलाय!’’

आई पोह्याचा हात घेऊन धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. तिनं माझ्या तोंडात साखर घातली आणि रेडिओलाही कुंकू लावलं. मी शपथ घेतली, की तात्या येऊन जाईपर्यंत त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. चालत्या वस्तूला हात लावू नये, हे मी खालांच्या रेडिओवरून शिकलो होतो.

तात्या आले. धिप्पाड माणूस, पण इंजिनाच्या शिट्ट्यांनी कानानं कमी ऐकणारा. टेकले, पोहे घेतले आणि कोनाड्याकडं बघायला लागले.

‘‘ह्यो तुमी बनवला?’’

‘‘हो. म्हणजे... असंच, हौस.’’

‘‘न्हाई ऐकू येत. मोठा करा की!’’

तात्या स्वतः मोठ्यानं बोलायचे, इंजिनावरची सवय. मी चाचरत बटणाकडं बोट नेलं, अजून लावलंही नव्हतं, तोच आवाज वाढला! वाटलं, वा रे माझी कारागिरी! बटणाला मालकाच्या मनातलं कळतंय.

‘‘अजून मोठा!’’ तात्या गरजले.

अजून वाढला. मी कव्हरवरच्या त्या साहेबासारखा एक बोट बटणावर ठेवून उभा राहिलो. टाय नव्हता, पण मान तशीच वाकडी केली.

‘‘लय ब्येस! आता बंद करा, जरा कामाचं बोलू.’’

मी खटका दाबला. गाणं चालूच. पुन्हा दाबला. चालूच! लग्नाची बोलणी करायची तर आधी गाणं थांबायला हवं ना! मी पेटीचं मागचं झाकण काढलं आणि सेलच उपटून बाहेर काढले.

गाणं चालूच!

तात्या माझ्या हातातल्या सेलांकडं बघतायत, मग कोनाड्याकडं, मग माझ्याकडं.

‘‘बिगर सेलचा चालतो?’’

आता इथं शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं. मी काय केलं? मला क्षणभर खरंच वाटलं, की आपल्या हातून काहीतरी अचाट घडलंय! सगळे कॅटलॉग डोळ्यांपुढून गेले, न कळलेल्या इंग्रजीसकट. आणि मी चक्क भाषण सुरू केलं.

‘‘त्याचं असं आहे तात्या, ही अर्थिंगची तार. जमिनीतसुद्धा करंट असतो. तुळशीपाशी तर ओल भरपूर...’’

‘‘आमच्या आईच्या पुण्याईनं,’’ एवढंच जोडायचं राहिलं होतं. आई तर तुळशीला नमस्कार करायला निघालीही.

तात्यांना राहवेना. ‘‘असं यंत्र मी हयातीत न्हाई बघितलं. बाहेर उजेडात बघू द्या!’’ असं म्हणून त्यांनी ती पेटी दोन्ही हातांनी उचलली, तारा तटातट तोडल्या आणि बाळ घ्यावं तशी छातीशी धरून ओट्यावर गेले.

गाणं कोनाड्यातच राहिलं.

तात्यांनी पेटीला कान लावला. शांत. आत आले, रिकाम्या कोनाड्याला कान लावला. गाणं! पुन्हा पेटी, पुन्हा कोनाडा. मग त्यांनी सावकाश माझ्याकडं बघितलं आणि बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं.

भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं, ‘‘हौ जी! और बडा करूं क्या?’’

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण ती कशाला घेते? तिच्यात फक्त अर्थिंगची तार.

मागोमाग खाला स्वतःच दारात आल्या. ‘‘मुबारक हो! मेहमान आए बोलके मैं जोरसे लगाई. रेडिओ कल शामकूच दुरुस्त होके आया. मोठा करा, मोठा करा बोले, मैं करती गई. फिर गाने के आवाज में कुछ सुनाईच नै दिया. बस हुआ ना?’’

कोनाड्यातून गाणं तेवढं चाललेलं. मला सुमनचं हसू आठवलं आणि मनातल्या मनात मी पूर्ण्याची गाडी कायमची सोडून दिली.

आणि तात्या हसायला लागले. असे हसले, की पेटी हातातून घसरून ओट्यावर पडली आणि कॉइल गडगडत तुळशीपाशी गेली. डोळे पुसत त्यांनी आईला विचारलं, ‘‘ह्याला खरंच वाटत होतं का हो, की ह्योच वाजायलाय?’’

‘‘अगदी खरं!’’ आई कळवळून म्हणाली. ‘‘म्या तर कुंकूबी लावलं!’’

‘‘मग झालं! थापाड्या असता तर मी आत्ता उठून गेलो असतो. पण ज्याला स्वतःलाच फसवता येतं, तो माझ्या पोरीला काय फसवणार? पोरगं पसंत हाय. फक्त पूर्ण्याला आलं, की इंजिनाला हात लावायचा न्हाई!’’

लग्न धूमधडाक्यात झालं. रुखवतात तात्यांनी नवाकोरा ट्रान्झिस्टर ठेवला होता. मी आधी मागची बाजू बघितली. चारही स्क्रूंवर कथलाचा डाग देऊन टाकला होता, उघडायची सोयच नाही! आणि डाग काय सुरेख होते म्हणता, कॅटलॉगात छापावेत असे.

फोटोग्राफर आला. माझी आयुष्याची हौस फिटणार होती. शेजारी बायको, पुढं रेडिओ, गळ्यात मित्राचा टाय. मी बटणावर बोट ठेवलं, मान वाकडी केली. तेवढ्यात बायका ओरडल्या, ‘‘आधी नाव घ्या, नाव घ्या!’’ सुमन खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, बिचारी लाजतेय. कसली लाजते! तिनं ठणठणीत आवाजात उखाणा घेतला:

‘‘भिंतीपल्याड वाजे गाणं, अल्याड पिळती कान,
वसंतरावांचं नाव घेते, राखून भिंतीचा मान!’’

आख्खा मांडव फुटला. पहिल्या रांगेत हमीदाखाला, पदर तोंडात कोंबून. आणि त्याच वेळी फोटोग्राफरनं फोटो काढला.

तो फोटो आजही भिंतीवर आहे. सगळे हसतायत, मी एकटा साहेबाच्या ऐटीत बटण धरून. आणि अजूनही घरात मी कधी म्हटलं, ‘‘अगं, जरा आवाज मोठा कर,’’ की आतून उत्तर येतं, ‘‘मला काय सांगता? भिंतीला सांगा!’’