लेमुएलच्या कापडाची मागची बाजू

सुरुवातीलाच सांगतो, आमचं घर बौद्ध. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या. अंगारा, गंडादोरा, भूतबाधा असा विषय निघाला तरी बाबा ताटावरून उठायचे. वाशीमला नगरपालिकेत शिपाई असलेल्या या माणसाने मला इंजिनिअर केलं, पुढे शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मी अमेरिका पाहिली. तेव्हा असा अनुभव लिहिताना संकोच वाटतो... पण झालं ते दिवसाढवळ्या, चार माणसांच्या उपस्थितीत झालं. आणि खरं सांगू? मला भीती वाटली नाही. संताप आला, तो अजून गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी एम.एस. करत होतो आणि मिस डोरांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मिस डोरा म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण, कृष्णवर्णीय, सत्तरी ओलांडलेल्या, नवरा वारल्यापासून एकट्या; शाळेतली 'मिस' ही हाक तेवढी कायम राहिलेली. पहिल्या थंडीत मी दोन स्वेटर चढवून कुडकुडत निघालो, तेव्हा त्यांनी दारातच अडवून नवऱ्याचा ओव्हरकोट माझ्या अंगावर घातला. ते उपकार मी विसरलेलो नाही.

त्यांचा धाकटा भाऊ लेमुएल चित्रकार आणि टेक्स्टाइल डिझायनर होता. न्यूयॉर्कच्या कंपन्या पोस्टाने आलेली डिझाइन्स बघून त्याला बोलावून घ्यायच्या, आणि हा दारात उभा राहिला की जागा नेमकी भरलेली असायची. कंटाळून तो बोटीने डेन्मार्कला गेला. तिथल्या एका कंपनीसाठी त्याने पडदे, गालिचे डिझाइन केले, भिंतीवर लावायची मोठी चित्रं स्वतः मागावर विणली. परत आला नाही. तिथेच वारला.

एके दिवशी कळलं, की त्या कंपनीच्या कापडांचं प्रदर्शन फिलाडेल्फियाजवळ एका खाजगी गॅलरीत लागलंय. मिस डोरांचं एकच म्हणणं होतं — डोळे मिटण्याआधी भावाचं नाव एकदा भिंतीवर वाचायचंय. मी मित्राची गाडी मागून घेतली आणि त्यांना घेऊन गेलो.

आतल्या दालनात चार मोठी कापडं होती. एकासमोर त्या थबकल्याच. निळा व्हरांडा, वाळत घातलेले कपडे, एक लंगडी कोंबडी... त्यांच्या आईचं जॉर्जियातलं अंगण! शेजारच्या पाटीवर मात्र कंपनीच्या मालकाचं नाव. चारही पाट्यांवर तेच. लेमुएल कुठेच नाही.

मिस डोरांनी गॅलरीच्या संचालिकेला बोलावून शांतपणे समजावलं. असं चित्र विणताना मागची बाजू विणणाऱ्याच्या तोंडासमोर असते. लेमुएलचा सगळा दिवस त्या गाठी आणि सुटे धागे बघण्यात जायचा, आणि नाव तो तिथेच, खालच्या कोपऱ्यात सुईने भरायचा, पुढून दिसणार नाही असं. पुढची बाजू त्यांची, ही माझी, असं म्हणायचा. तर तेवढा कोपरा उलटून बघाल का?

बाई गोड हसल्या. कापडाला हात लावता येत नाही, म्हणाल्या. आम्ही कंपनीच्या माहितीवर चालतो, मागावर बसणारे कामगार काय, पुष्कळ असतात. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही यांचे कोण?"

"भाचा," मी म्हणालो.

त्यांनी आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दारातल्या म्हाताऱ्या गार्डला सांगितलं, या दोघांवर लक्ष ठेव.

माझं डोकं फिरलं. वाशीमच्या शाळेत हजेरी घेताना माझ्या आडनावाशी येऊन मास्तर जरा थांबायचे, ते आठवलं. मी दाराशी त्या दोघांच्या मध्ये जाऊन मोडक्या इंग्लिशमध्ये बराच वेळ बोलत राहिलो, तिघांचीही कापडाकडे पाठ. मिस डोरा तेवढ्या कापडासमोरच्या बाकावर बसल्या होत्या.

"हं... आलास का, लेम," त्यांचा हलका आवाज आला.

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. कापड उलटं लागलेलं होतं. अंगण उजवीकडचं डावीकडे, सगळीकडे गाठी, लोंबणारे धागे, आणि खालच्या कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत लेमुएलचं पूर्ण नाव.

ते कापड लाकडी पट्टीला शिवलेलं आणि पट्टी भिंतीत स्क्रूने पक्की. स्क्रूंवर भिंतीचाच रंग मारलेला होता, त्याला साधा चराही नव्हता. मी जवळ जाऊन बघितलं.

संचालिकेचा पहिला प्रश्न काय, तर तू काय केलंस?

गार्ड म्हणाला, "मॅडम, तो माझ्या कोपराला कोपर लावून उभा होता. आणि आजींना काही शिडी चढता येत नाही."

बाईंनी नाव वाचलं. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. मग त्यांनी आतून एक पांढरी चादर आणली, कापडावर टाकली आणि दालन बंद होतंय म्हणून आम्हाला बाहेर काढलं.

गाडीत मी मिस डोरांना विचारलं, कापड फिरताना तुम्हाला दिसलं का? म्हणाल्या, "मी चष्मा पुसत होते, बेटा. लावला तेव्हा नाव समोर होतं." आणि घरापर्यंत खुशीत गुणगुणत राहिल्या. मला मात्र रागाने धड ड्राइव्ह करता येत नव्हतं.

तेच प्रदर्शन पुढे दुसऱ्या शहरात गेलं, तिथेही मी जाऊन आलो. अंगणाचं कापड काढून टाकलेलं. उरलेल्या तिन्ही पाट्यांवर मालकाचंच नाव.

मिस डोरा आता नाहीत. मी पुढे आयुष्यभर इंजिनिअरिंग केलं, पण ते कापड कसं उलटलं याचं उत्तर मला मिळालं नाही, आणि मिळेल असंही वाटत नाही. चादर मात्र माणसाच्या हातांनी टाकली होती. ते मी पाहिलंय.