बातमी तिची, इम्पॅक्ट माझा

“टाकी आहे, नळ आहेत, उद्घाटनही झालं. मग बातमी कसली?” संपादकांनी विचारलं.

समोर सुरेखा उभी होती. ती आमची एरंडोलची वार्ताहर, माझ्यापेक्षा बरीच ज्युनियर. मी जळगाव ऑफिसचा मुख्य वार्ताहर.

“सर, टाकीला पाण्याची लाइनच जोडलेली नाही. मी वर चढून आत बादली सोडली. कबुतराची पिसं आली वर.”

संपादकांनी बातमी होल्डवर टाकली. होल्ड म्हणजे छापायचीही नाही आणि छापणार नाही असंही म्हणायचं नाही. उद्घाटन करणाऱ्या नेत्याची वाढदिवस पुरवणी त्याच आठवड्यात निघायची होती. पुरवणी म्हणजे पानंच्या पानं शुभेच्छांच्या जाहिराती आणि उरलेल्या जागेत आमचे लेख.

मला वाईट वाटायला हवं होतं. उलट मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. या धंद्यात केस पिकले, पण टाकीवर चढायचं मला कधी सुचलं नाही. तिला सुचलं, याचाच राग होता.

सुरेखा थांबली नाही. बादलीचा व्हिडिओ तिने स्वतःच्या मोबाइलवरून टाकला, तोही अहिराणीत. बघता बघता पार पाचोऱ्यापर्यंत ज्याच्या त्याच्या फोनवर तीच. आमच्या चहावाल्याने मलाच विचारलं, “भाऊ, या ताईंना ओळखता का तुम्ही?” ओळखतो, म्हणालो. चहा कडू लागला.

ऑफिसने तिला काढून टाकलं. मी मध्ये पडलो नाही.

थोड्याच दिवसांत लाइन जोडली गेली आणि गावात पाणी आलं. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“वसंतराव, इम्पॅक्ट घ्या.”

बातमीमुळे सरकारी यंत्रणा हलली, की पेपर स्वतःची पाठ थोपटून घेतो. त्याला आम्ही इम्पॅक्ट म्हणतो.

“पण आपण बातमी छापलीच नव्हती.”

“वार्ताहर आपलीच होती ना? तेव्हा तरी.”

गेलो. इम्पॅक्टचा फोटो ठरलेला असतो. नळ वाहतोय, शेजारी कुणी गावकरी आपला पेपर धरून हसतोय. नळावर एक अक्का हंडा भरत होत्या. मी त्यांच्या हातात पेपर दिला. त्यांनी पानं उलटून पाहिली.

“यामा सुरेखा कोठे शे?”

“अक्का, पेपरमुळेच पाणी आलं. नुसता धरा.”

“पेपरनी? बठ्ठं आमनी सुरेखानी करं.” त्यांनी पेपर माझ्या हातात परत कोंबला. “तिना फोटो छापा, मंग धरसू.”

शेवटी नुसत्या नळाचा फोटो काढला. बातमी पहिल्या पानावर लागली, माझ्या नावानिशी.

सकाळीच सुरेखाचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीने उचलला.

“अभिनंदन भाऊ! पहिल्या पानावर नाव! आता पाणी टिकतंय का, तेवढं बघत राहा. मी धुळ्याला निघालेय. तिकडे अजून एक टाकी आहे.”

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिला माझा हेवाच वाटत नव्हता.

नव्या वार्ताहरांना मी एकच सांगतो. दुसऱ्याची बातमी ढापायची असेल, तर तो जळेल याची आधी खात्री करून घ्या. नाहीतर जळायचं कामही आपल्यालाच करावं लागतं.