पाडव्याआधीचा चुना

शेजारी पाडव्यासाठी चुना भिजवलाय. त्या वासानं टोकरखाड्यातलं आमचं जुनं घर आठवलं.

त्या वर्षी कारखान्यात पडल्यापासून हे दाराजवळच्या खाटेवरच होते. पाय बरा झाला होता, पण उठायची हिंमत होत नव्हती. शेवटी पाडवा जवळ आला तसं अंगण सारवून, समोरच्या भिंतीला मीच चुना द्यायला घेतला.

हे खाटेवरून ओरडले, "अगं, भिंत रंगवतेस की म्हैस धुतेस? सगळे पट्टे पडलेत!"

"मग या ना, दाखवा!"

चौकट धरत, लंगडत हे खरंच अंगणात आले आणि माझ्या हातातला कुंचला ओढून घेतला. भिंत पुरी करूनच थांबले.

तेव्हा मला रागच आला होता. आता वाटतं, बरं झालं मला भिंत रंगवता येत नव्हती.