सुलोचनाताईंच्या चपला

सुलोचनाताई तपासायला बसल्या की आधी टेबलाखाली चपला काढायच्या. गोंदियातल्या आमच्या आठ जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्यांचं काम एकच, आम्ही बनवलेल्यातल्या चुका शोधणं. त्या केशोरीकडच्या, तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातल्या. त्यांचे आजोबा तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, अनवाणी फिरून गळती शोधत. "ओल पायाले समजते सर, डोळ्याले नाही," ताई म्हणायच्या. चपला सरकल्याचा आवाज आला की अर्ध्या ऑफिसाला ताप चढे. एकाने तर त्या धसक्याने थेट लग्न करून टाकलं. माझं निम्मं बोलणं वाढवलेलं असतं, मान्य. पुढचं मात्र आहे तसंच घ्या.

तलावाचं दार उघडण्याआधी खालच्या गावांना मोबाइलवर इशारा देणारी यंत्रणा आम्ही बनवली होती. धानाच्या रोवण्याचे, म्हणजे लावणीचे दिवस, तलाव तुडुंब. दुपारी दोनला दार उघडायचं होतं. तलाव सांभाळणारे पाटबंधारे खात्याचे साहेब सकाळपासून आमच्याच ऑफिसात बसलेले. एकला इशारा पाठवला. पडद्यावर एकेका गावापुढे हिरवी खूण उमटली, संदेश पोहोचला. राहिली फक्त ताईंची सही, ती झाली की दार उघडायचं.

ताई यादी चाळता चाळता थांबल्या. "या गावात साठ घरं, नंबर एकच काऊन?"

"पोलीस पाटलाचा असेल. लोकांनी नंबर गोळा करणाऱ्या सर्वेवाल्याला तोच दिला," मी म्हणालो. "पोहोचला ना? हिरवं आहे."

"हिरवा दिसला म्हणजे धान पिकला नाही जी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, पानी रुकने वाला नहीं. सही करा, नाहीतर हे काम दुसरी कंपनी करेल."

"ताई, करून टाका," मी हात जोडले. पावणेदोन झाले होते.

त्यांनी पेन खाली ठेवला आणि तो नंबर लावला. स्पीकरवर म्हातारा आवाज आला.

"पाटील रोवण्याले गेला. फोन खुंटीले टांगला हाय. मी त्याची माय बोलून राहिली."

"रोवणा कुठं चालू आहे, माय?"

"नाल्याकाठच्या बांधीत. सारा गाव तेथंच हाय."

साहेबांनी तलावावर फोन लावला. "दरवाजा मत खोलना." तिथला चौकीदार मोटारसायकल घेऊन नाल्याकडे सुटला. इकडे पाणी पाळीच्या काठाला टेकत होतं, तिकडे बायका चिखलात वाकलेल्या, आणि मधे आम्ही, फोनकडे बघत. ताई अनवाणीच उभ्या होत्या. तासाभराने चौकीदार बोलला, "सारे वर आले जी."

मग दार उघडलं. नाल्याकाठच्या त्या बांध्या, धानाची सगळी खाचरं, संध्याकाळपर्यंत पाण्याखाली होत्या.

काम आमच्याकडेच राहिलं. आता प्रत्येक घरातून कोणीतरी 'ऐकलं' म्हणून बटण दाबेपर्यंत खूण हिरवी होत नाही.

मागच्या वर्षी ताई शेती बघायला केशोरीला परतल्या. निघताना मी विचारलं, "आता सही कोण करणार?"

"तुम्ही करा. फक्त बूट काढजा."

तेव्हापासून काढतो. माझ्या मोज्याला भोक आहे हे गोंदियाभर झालंय. परवा एका कामात सगळं हिरवंगार होतं. बूट काढले, बसलो. कुठंतरी ओल लागली. सही अजून केलेली नाही.