सुपातले तांदूळ

सुमन गेली हे कळलं तेव्हा मी तिच्यावरच करवादत होते. "दोन दिवस झालं दवाखान्यात पडून हाय, हितं भाकऱ्या कोण थापणार?" तेवढ्यात शेजारचा दुकानदार दारात येऊन उभा राहिला. फोन त्याच्याकडंच यायचा. डोक्यातली शीर फुटली म्हणे.

सुमन माझी धाकटी जाऊ. महाळुंगे पडवळच्या घरात आम्ही पंधरा वर्षं एका चुलीवर राबलो. दीर भाजीचा टेम्पो घेऊन पुण्याला जायचे. यायला तासभर उशीर झाला की हिची छाती धडधडायची, हात कापायचे. "लई लाडाची गं तू," मी म्हणायचे. शेवटी मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज पाव तास गप्प बसा, श्वास येतो-जातो तेवढंच बघा, मन पळालं की परत आणा.

दोन दिवस ती ओट्यावर तशी बसली. पण नुसती बसलेली बाई आमच्या घरानं कधी पाहिलीच नव्हती. आमच्यात आजारी बाईसुद्धा पडल्यापडल्या लसूण सोलते. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "आमच्याकडं साधू आलाय बघा." सगळे हसले. तीही हसली... आणि उठली.

मग ती रोज दुपारी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसू लागली. डोक्यावर पदर, मान खाली, बोटं सावकाश फिरतायत. मला वाटलं, खूळ गेलं एकदाचं. टेम्पोला उशीर झाला तरी ती सूप सोडायची नाही. एकदा विचारलं, "एवढं खडं निघत्यात व्हय गं?"

"निघत्यात की आक्का. रोज निघत्यात."

दहाव्याला जो तो म्हणत होता, किती शांत बाई होती! मला संताप आला, त्यांचा आणि ती गेली तेव्हाही तिच्यावर करवादणाऱ्या माझाही. तोवर मला सुपाचं ठाऊकही नव्हतं.

महिन्याभरानं, ती सुपातले तांदूळ ठेवायची तो डबा उघडला. तांदूळ पिवळे पडलेले, बोटं फिरून फिरून निम्म्यांची कणी झालेली. खडा एकही नाही. ते तांदूळ कधी शिजलेच नव्हते. पाव तास गप्प बसायला त्या बाईला वर्षानुवर्षं सुपाचा आडोसा घ्यावा लागला, आणि तो माझ्यामुळं.

हल्ली दुपारी माझीच छाती धडधडते. मी तेच सूप घेऊन बसते. काल सून डोकावली. "आत्या, निवडल्यालंच दिसत्यात की तांदूळ."

तिला खरं सांगायचं होतं. बस माझ्याजवळ, असंही म्हणायचं होतं...

"खडं हायेत अजून," मी म्हणाले.